सिनॉप्सिसमधली 'तात्त्विक बैठक' कशी लिहायची

सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीच्या संशोधनाचा आराखडा, जमा करायचे दिवस आले की मला ठरलेले फोन येतात, कधी समाजशास्त्राच्या मुलांचे, कधी सोशल वर्कच्या, कधी मॅनेजमेंटमधून पीएचडी करणाऱ्या नोकरदार लोकांचे, आणि प्रश्न एकच, की ताई बाकी सगळं झालंय, फक्त ते फिलॉसॉफिकल अझम्प्शनचं दीड पान राहिलंय, ते कुठून घेऊ? तर ते कुठून घ्यायचंच नसतं हो. शीर्षक लिहिलंत तेव्हाच ते पान तुम्ही लिहून बसलेले असता, फक्त त्यातून वाचून काढायचं राहिलेलं असतं. ते कसं वाचायचं हे इथे नीट लिहितेय, कारण पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून एकेकाला समजावताना लक्षात आलंय की सगळे साधारण त्याच जागी अडकतात.

आधी मराठीतला एक घोळ मिटवू. आपल्याकडे हायपोथिसिसला गृहीतक म्हणतात, आणि अझम्प्शनलाही गृहीतकच म्हणतात, त्यामुळे 'तात्त्विक गृहीतके' असं हेडिंग देऊन मुलं खाली 'मुलांपेक्षा मुलींमध्ये ताण जास्त असतो' असं काहीतरी लिहितात आणि समितीत पहिला फटका तिथेच बसतो. हायपोथिसिस म्हणजे जे तुम्ही तपासणार आहात, चूक निघालं तरी काही बिघडत नाही. तात्त्विक गृहीत म्हणजे जे तुम्ही तपासणार नाही, ज्याच्यावर उभं राहून बाकीचं तपासणार आहात. 'तू मला गृहीत धरतोस' असं बायको नवऱ्याला म्हणते ना, तोच अर्थ, की समोर आहे पण लक्षात येत नाही इतकं अंगवळणी पडलेलं. माझा सल्ला, हायपोथिसिसला शेवटपर्यंत 'परिकल्पना' म्हणा, अझम्प्शनला 'तात्त्विक गृहीतं' म्हणा, आणि अख्ख्या प्रबंधात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता एक शीर्षक घेऊ. 'पुणे शहरातील स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांमधील ताणतणाव: एक समाजशास्त्रीय अभ्यास'. असल्या विषयावर दरवर्षी कुणीतरी काम करतंच, आणि करायलाही हवं, सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रोडला अभ्यासिकांमधून पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली ही मुलं आपण रोज बघतो. कागदावर शीर्षक लिहा, त्यातल्या मुख्य नामाखाली रेघ ओढा. इथे ते नाम आहे 'ताणतणाव'. आणि स्वतःला विचारा, हा ताण नेमका आहे कुठे?

प्रश्न बाळबोध वाटतो, पण सत्तामीमांसा म्हणजे ऑन्टोलॉजी म्हणतात ती हीच. घाई न करता उत्तर द्या. एक उत्तर असं की ताण त्या मुलाच्या आत आहे, तो कमीजास्त असतो, ताप असतो तसा, आणि नीट साधन असलं तर मोजता येतो. कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेली ताणाची प्रश्नावली बरेच जण वापरतात, गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती वेळा असं वाटलं की गोष्टी हाताबाहेर चालल्यात, अशा धर्तीचे प्रश्न. ती वापरलीत की तुम्ही हे उत्तर मान्य केलंत, मग तुम्ही ते लिहा किंवा लिहू नका.

दुसरं उत्तर असं की ताण नावाची वस्तू आत कुठे ठेवलेली नाहीये, ही मुलं एकमेकांत बोलून बोलून तिला आकार देतात. मेसमध्ये जेवताना ऐका, 'ताण' हा शब्द कुणी वापरतच नाही. टेन्शन म्हणतात, किंवा तेही नाही, 'तिसरा अटेम्प्ट आहे', 'याची पोस्ट निघाली', 'दोन मार्कांनी कट ऑफ हुकला', 'गावी जायचं तर लोक विचारतात' असं बोलतात. एका मुलाला मी विचारलं तर म्हणाला, टेन्शन काय नाय मॅडम, फक्त दिवाळीला घरी जात नाय मी. आता तुमच्या पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत हे वाक्य कुठे बसवणार? बसत नाही. आणि त्याला ताण आहे असं तुम्ही म्हणायचं की नाही, तो तर नाही म्हणतोय. इथे दोन मिनिटं थांबून विचार करा, कारण तुमचा प्रबंध कुठल्या बाजूला झुकणार ते इथेच ठरतं.

तिसरंही उत्तर आहे, ते मला स्वतःला जास्त पटतं. ताण मुलांच्या डोक्यात दिसत असला तरी तो येतो कुठून तर जागा थोड्या, बसणारे अफाट, वयाची अट, गावाकडून येणारे पैसे, कॉट बेसिसचं भाडं, आणि परीक्षेची तारीख आपल्या हातात नसणं यातून. एमपीएससीची १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा मुलं रस्त्यावर उतरली होती, आठवत असेल. या सगळ्या गोष्टी मुलांनी बोलून तयार केलेल्या नाहीत, आणि प्रश्नावलीत त्या थेट दिसतीलच असंही नाही, पण त्या आहेत आणि काम करतायत. एखादा मुलगा म्हणेल मीच कमी पडतो, तरी त्या आहेतच. रॉय भास्कर यांनी १९७५ पासून जी मांडणी केली, जिला क्रिटिकल रिअॅलिझम म्हणतात, तिचा गाभा साधारण हा, की जे अनुभवाला येतं, जे प्रत्यक्ष घडतं, आणि जे खोलवर राहून घडवतं असे तीन थर असतात, आणि संशोधकाने पहिल्यावरून तिसऱ्यापर्यंत जायचं असतं.

तुमचा विषय ताण नसेल, कुटुंब असेल, तरी रीत तीच. जनगणनेत कुटुंब ठरतं ते एका स्वयंपाकघरावरून, जे नेहमी एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. आपल्या भाषेतही 'वेगळी चूल मांडली' म्हणजे वेगळे झाले. पण त्याच दोन भावांची नावं सातबाऱ्यावर एकत्र असतात, कुलदैवत एक असतं, आणि लग्नाचं बोलणं करायला दोघंही जातात. मग कुटुंबं एक की दोन? जनगणनेचा आकडा उचलून तक्ता केलात की तुम्ही चुलीची बाजू घेतलीत. घ्या, काही चूक नाही त्यात, पण घेतलीय हे लिहा.

यानंतरचा प्रश्न, मला हे कळणार कसं, आणि कळलं हे कशावरून? ही ज्ञानमीमांसा. इथे मुलं सरळ 'इंटरव्ह्यू घेणार' असं लिहून मोकळी होतात, पण ती झाली पद्धत. इथे सांगायचं असतं ते असं की तुम्ही आणि समोरचा माणूस यांच्यात अंतर ठेवलं तर ज्ञान शुद्ध राहतं असं तुम्ही मानता, की जवळ गेल्याशिवाय कळतच नाही असं मानता.

हे समजावताना मी नेहमी मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचं उदाहरण देते. पुण्यातून त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या, तिथले त्यांचे गाईड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध जोडता येतो का, असा विषय. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की संबंध दिसत नाही. गाईडच्या मताविरुद्ध, परक्या देशात, एकट्या विद्यार्थिनीने. मला यात फार मोठी गोष्ट दिसते ती अशी, की 'मोजमाप कुणीही केलं तरी तेच येईल' हे गृहीत त्यांच्या हातात होतं म्हणूनच त्या समोरच्या वजनदार माणसाला नाही म्हणू शकल्या. हल्ली आपल्याकडे प्रत्यक्षार्थवाद, म्हणजे पॉझिटिव्हिझम, मोजून पडताळता येतं तेच ज्ञान मानणारा विचार, हा शब्द शिवीसारखा वापरायची पद्धत पडलीय, तसा वापरणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे याच इरावतीबाई पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालल्या, बायकांबरोबर राहिल्या, एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हे पाहून त्यांना त्रास झाला आणि तो त्रास त्यांनी स्वतःच्या लेखात स्वतःच्या तोंडाने लिहिला. तिथे अंतर ठेवून काहीच कळलं नसतं. आणि असंही नाही की एक सोडून दुसरं धरलं, डेक्कन कॉलेजात असताना माणसांची शारीरिक मोजमापं घेणं त्यांनी चालूच ठेवलं होतं. बाई त्याच, प्रश्न बदलला की उभं राहायची जागा बदलली. तेव्हा 'मी कोणत्या वादाची' असं आयुष्यभराचं ठरवायचं दडपण घेऊ नका, या प्रश्नासाठी कुठे उभी आहे एवढं ठरवा.

तिसरी गोष्ट मूल्यांची, आणि इथे मी स्वतः चुकले होते ते सांगते. एमएच्या प्रबंधासाठी पर्वती पायथ्याच्या एका वस्तीत फॉर्म भरून घेत होते. प्रश्न होता, तुम्ही काम करता का, हो की नाही. एक बाई पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, नाय ओ, घरीच असते मी. मी 'नाही'वर खूण केली. तिच्या शेजारी पोळ्यांची चळत होती, आणि त्या पोळ्या मेसला जायच्या होत्या, रोजच्या, पैसे घेऊन. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं, तेही शेजारणीकडून. तोपर्यंत बरेच फॉर्म भरून झाले होते आणि बऱ्याच घरी परत जावं लागलं. चूक त्या बाईची नव्हती, 'काम' म्हणजे बाहेर जाऊन केलेलं ते, हे मी गृहीत धरलं होतं आणि तिनेही तेच धरलं होतं. सरकारच्या नमुना पाहणीतही घरकाम करणाऱ्या बायकांसाठी ९२ आणि ९३ असे कोड आहेत, नुसतं घरकाम करणाऱ्या ९२, आणि घरकामाबरोबर सरपण आणणं, घरच्यासाठी शिवणं असली कामं करणाऱ्या ९३, आणि या दोन्हीतल्या बायका श्रमशक्तीच्या बाहेर धरल्या जातात. म्हणजे कुणाच्या घामाला काम म्हणायचं हा निर्णय आकडा यायच्या आधीच होऊन गेलेला असतो. तुमच्या फॉर्ममध्येही असे निर्णय आहेत, ते शोधून काढा आणि शक्यतो वस्तीत जायच्या आधी शोधा.

मूल्यांच्या भागात अजून एक लिहायचं असतं, तुम्ही कोण आहात. आपल्याकडे तर हे टाळताच येत नाही. 'पूर्ण नाव काय तुमचं?' असं समोरची बाई विचारते, आपण आडनाव सांगतो, आणि त्यानंतर ती काय बोलते आणि काय बोलायचं थांबते हे त्या आडनावावर ठरतं. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली ती वाचाच, जग कुठून दिसतं यावर काय दिसतं ते अवलंबून असतं, आणि खालून बघताना जे दिसतं ते वरून दिसत नाही हा त्यातला मुद्दा. पण त्या असंही म्हणतात की ही जागा फक्त जन्माने मिळते असं नाही, इतरांनाही ती मेहनतीने शिकता येते, स्वतःला बदलून. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये विचारलेला प्रश्नही यालाच लागून आहे, की आपल्याकडे सिद्धांत मांडणारे एका बाजूचे आणि नुसती माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूचे असं का झालंय. हे वाचून 'संशोधक तटस्थ राहील' असं एक ओळीचं वाक्य लिहिणं मला तरी जमलं नाही.

हे तीन प्रश्न झाल्यावरच नाव द्यायला बसा. आधी नाव निवडून मग उत्तरं त्यात कोंबली की फसतं. ढोबळमानाने, ताण बाहेरून मोजता येतो आणि आपली मोजमापं चुकू शकतात पण सुधारता येतात असं मानत असाल तर उत्तर-प्रत्यक्षार्थवाद, अर्थ माणसं मिळून घडवतात असं मानत असाल तर रचनावाद किंवा अर्थनिर्वचनवाद, दडलेली यंत्रणा शोधायची असेल तर क्रिटिकल रिअॅलिझम, आणि सत्तेचा प्रश्न मध्यभागी असेल, परिस्थिती बदलायचीच म्हणून संशोधन करत असाल तर परिवर्तनवादी किंवा भूमिदृष्टीची चौकट. पुस्तकागणिक चौकटी बदलतात त्याने गोंधळू नका. गुबा आणि लिंकन ऑन्टोलॉजी वेगळी काढतात, क्रॉटींच्या १९९८ च्या पुस्तकात तिला वेगळा कप्पाच नाही, मॅनेजमेंटवाले सॉन्डर्सचा कांदा, म्हणजे संशोधनाचे थर पापुद्र्यांसारखे दाखवणारी आकृती, काढतात. तुमचा गाईड कुठलं पुस्तक वापरतो ते विचारा आणि एकाच पुस्तकाची चौकट शेवटपर्यंत धरा.

वाद खरंच किती फरक पाडतो हे बघायचं असेल तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास घ्या. त्याने सरकारी नोंदींमधले दर घेतले, सामाजिक तथ्यं वस्तूंसारखी बघायची असं म्हणत देशादेशांतले, धर्माधर्मांतले फरक समजावले. १९६७ मध्ये जॅक डग्लसने विचारलं की मुळात हा मृत्यू आत्महत्या आहे असं कागदावर कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, घरच्यांनी ते लिहू दिलं का? एकाला जो डेटा वाटला तो दुसऱ्याला अभ्यासाचा विषय वाटला. आपल्याकडचा पंचनामा कसा होतो हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना डग्लसचा प्रश्न समजावून सांगायला लागणार नाही.

आता तपासणी. तुमच्या उद्दिष्टांतली क्रियापदं बघा. 'परिणाम तपासणे', 'सहसंबंध शोधणे', 'तुलना करणे' असं असेल आणि तात्त्विक बैठकीत रचनावाद लिहिला असेल तर दोन्हीतलं एक बदला. 'अनुभव समजून घेणे', 'अर्थ उलगडणे' असं असेल आणि खाली परिकल्पना क्रमांक एक ते पाच असतील तर त्या परिकल्पना काढून टाका, गाईड म्हणाले की फॉरमॅटमध्ये आहेत म्हणून टाका, तर त्यांच्याशी बोला, परिकल्पनांच्या जागी संशोधन प्रश्न चालतील का विचारा, बहुतेक वेळा चालतात. १५ मुलाखती घेऊन 'टक्केवारीने' मांडणी करू नका, १५ पैकी ९ म्हणजे ६० टक्के असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही पुण्याबद्दल बोलताय. आणि मिक्स्ड मेथड, म्हणजे आकडे आणि मुलाखती दोन्ही, घेतली म्हणून आपोआप प्रॅग्मॅटिझम लिहू नका, तो सोयीचा दरवाजा नाहीये, ड्यूई वगैरे तत्त्वज्ञांचा त्यामागे पूर्ण विचार आहे की ज्ञान कृतीत काय फरक पाडतं त्यावरून जोखायचं, ते मान्य असेल तरच लिहा.

लिहायचं कसं, तर साध्या वाक्यांत, प्रथमपुरुषी. नमुना देते, जसाच्या तसा उचलू नका, तुमच्या विषयाला तो लागू पडणार नाही:

'या अभ्यासात ताण ही प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनातली स्वतंत्र, मोजता येणारी वस्तू आहे असे मी मानलेले नाही. अभ्यासिका, मेस आणि घरचे फोन यांतून विद्यार्थी स्वतःच्या परिस्थितीला जो अर्थ देतात तो मला समजून घ्यायचा आहे. तो त्यांच्या बोलण्यातून आणि माझ्या सोबत असण्यातून मिळेल असे मी मानते. मी स्वतः दोन वर्षे ही तयारी केली असल्याने काही गोष्टी मला सहज कळतील, काही मला ओळखीच्या वाटून निसटतील. त्यासाठी मी रोजची नोंदवही ठेवणार आहे.'

एवढंच. यात एकही वाद आलेला नाही, तो पुढच्या परिच्छेदात नावानिशी आणा आणि मग पॅराडाइम (विचारचौकट) हा शब्द, तो रूढ करणारा कून, १९६२, जे काय द्यायचं ते द्या.

व्हायवात एक प्रश्न हमखास येतो, १८ मुलांवरून तुम्ही पुण्याबद्दल कसं बोलता? घाबरू नका आणि 'वेळ कमी होता' असं तर अजिबात म्हणू नका. सांगा की मी पुण्यातल्या सगळ्या मुलांबद्दल बोलतच नाहीये, अपयशाला अर्थ कसा दिला जातो त्याची घडण दाखवतेय, आणि नवीन मुलाखतीतून नवीन काही येईना तेव्हा थांबले. उलट स्केल वापरलंत तर प्रश्न येईल की मराठीत केल्यावर ते तेच मोजतं का, 'ताण' म्हटल्यावर साताऱ्याच्या मुलाला आणि पुण्याच्या मुलीला तेच वाटलं का. त्यासाठी आधी थोड्या मुलांवर चाचणी घ्या, दुसऱ्या कुणाकडून ते उलटं इंग्रजीत करून घ्या, दोन्ही कागद परिशिष्टात लावा. आणि हे सगळं परीक्षेची तारीख बघून आखा, पूर्वपरीक्षेच्या आधीच्या महिन्यात अभ्यासिकेत कुणी मान वर करून तुमच्याशी बोलणार नाही, मालकाची परवानगीही त्याच्या आधी घेऊन ठेवा.